एक पूर्ण मिनिट

उरोरोग (छातीच्या आजारांच्या) वॉर्डची परिसेविका म्हणून सकाळी ओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून कामाचा ताबा, घेताना मी टीपीआरचा (ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा) तक्ता उघडते, तेव्हा माझी नजर आधी तापाच्या किंवा नाडीच्या नव्हे, तर श्वासाच्या रकान्यावर जाते. एका खाली एक २०, २०, १८, २०, २० असे आकडे लिहिलेले दिसले की रात्री कोणाचेही श्वास मोजले गेले नाहीत, हे मला कोणी सांगावे लागत नाही. अर्धा मिनिट मोजून संख्या दुप्पट केली तर आकडा नेहमी समच येतो, त्यामुळे नुसत्या सम आकड्यांनी भरलेला रकाना फार तर घाईचे लक्षण मानता येईल. पण ज्या वॉर्डात निम्म्या रुग्णांना धाप आहे, तिथे सगळ्यांचे श्वास सारखे कसे असतील? तापमान थर्मामीटर दाखवतो, रक्तदाब यंत्र दाखवते, ऑक्सिजनचे प्रमाण बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो. श्वास मात्र माणसाने खाटेपाशी उभे राहून, घड्याळाकडे आणि छातीकडे पाहत मोजावे लागतात, आणि म्हणूनच गर्दीच्या पाळीत सर्वांत आधी तेच राहून जातात.

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही असेच २० लिहीत असे. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. एका रात्री धापेचा जुना त्रास असलेले साठीच्या पुढचे एक शेतकरी आजोबा माझ्या वॉर्डात होते. आयुष्यभर विडी ओढलेली, थंडी सुरू झाली की दर वर्षी दवाखान्याची पायरी चढणारे. रात्री अकराला मी त्यांची नाडी पाहिली, ताप पाहिला, ऑक्सिमीटरवर ९१ आले म्हणून समाधान मानले आणि श्वासाच्या रकान्यात २० लिहून पुढच्या खाटेकडे गेले. दोन वाजता त्यांच्या पत्नीने मला हाक मारली. "सिस्टरबाई, जरा बघा की, ह्ये बसूनच हाईत, पाठ टेकवंनात." आजोबा दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढे वाकून बसले होते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या होत्या आणि प्रत्येक श्वासाला गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जात होता. मी त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ते ३४ भरले. डॉक्टर आले, उपचार झाले, आजोबा त्या खेपेला वाचले. पण अकरा वाजता ते श्वास किती होते, हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी ते मोजलेच नव्हते.

प्रौढ माणूस शांत असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तयार केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या इशारा-गुणांच्या पद्धतीत (जितके गुण जास्त, तितका रुग्णाला धोका जास्त) श्वास २५ किंवा त्याहून अधिक असले, तर त्या एकाच नोंदीला सर्वाधिक म्हणजे ३ गुण दिले जातात. यामागचे कारण साधे आहे. रक्तातील ऑक्सिजन कमी होऊ लागला, कार्बन डायऑक्साइड साठू लागला किंवा जंतुसंसर्गामुळे रक्तात आम्ल वाढले, तरी शरीर आधी श्वासाचा वेग वाढवून ती तूट भरून काढते; जोवर ती भरून निघते, तोवर ऑक्सिमीटरचा आकडा चांगलाच दिसतो. श्वास वाढणे ही शरीराने दिलेली पहिली हाक असते आणि ऑक्सिमीटरवरची घसरण पुष्कळदा त्यानंतरची. लहान मुलांचे मोजमाप वेगळे असते: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार तो जलद श्वास समजतात. खोकला आणि जलद श्वास एकत्र दिसले की न्यूमोनियाचा संशय धरायचा, हे आपल्या गावोगावच्या आशाताईंनाही शिकवलेले असते. मूल रडत असताना मोजलेल्या श्वासांना मात्र काही अर्थ नसतो.

मोजण्याची रीत मी विद्यार्थिनींना अशी सांगते. रुग्णाला "तुमचे श्वास मोजते हं" असे सांगू नये, कारण सांगितले की माणूस श्वासाकडे लक्ष देतो आणि त्याची लय बदलते. नाडी पाहून झाली तरी मनगटावरची बोटे तशीच ठेवावीत, नजर छातीवर किंवा पोटावर न्यावी आणि घड्याळाचा काटा पूर्ण फिरेपर्यंत हलू नये. त्या एका मिनिटात केवळ आकडा हाती येतो असे नाही. छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का, श्वास सोडायला घेण्यापेक्षा फार वेळ लागतो का, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते का, हे त्याच वेळी दिसते. श्वास घेताना पोट फुगण्याऐवजी आत जात असेल, तर श्वासपटल थकले आहे असे समजावे आणि आपली नोंदवही बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवावे. मग मी रुग्णाला एखादा असा प्रश्न विचारते, ज्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही: "बाबा, गावाहून कसे आलात, कोणती गाडी मिळाली?" ते एका दमात वाक्य पूर्ण करतात, की "एस्टीनं..." म्हणून थांबतात, पुन्हा श्वास घेऊन "...सकाळी..." म्हणतात, यावरून धाप किती आहे हे कळते. दम्याच्या रुग्णाच्या छातीतली शिट्टीसारखी घरघर अचानक थांबली आणि तो तरीही घामाघूम असेल, तर बरे वाटले असे नातेवाईकांना वाटते. वस्तुतः शिट्टी वाजण्याइतकीही हवा आत जात नसते, आणि छातीतली ती शांतता घरघरीहून कितीतरी धोक्याची असते.

हे सर्व पाहण्यासाठी रुग्णाजवळ जावे लागते, त्याला हात लावावा लागतो, आणि नेमका इथेच माझ्या विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. आमच्या अभ्यासक्रमात रुग्णाची तपासणी एका प्रकरणात असते आणि संसर्ग नियंत्रण दुसऱ्या. त्यामुळे मुलींच्या मनात ती दोन वेगळी कामे होऊन बसतात. फुफ्फुसाच्या आजारात ती वेगळी करता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. ज्या हाताने आपण सातव्या खाटेवरच्या रुग्णाची छाती तपासली, तोच हात काही न करता आठव्या खाटेकडे गेला, तर सातव्याचे जंतू आपणच आठव्याला नेऊन देतो. अल्कोहोलचे हँडरब २० ते ३० सेकंद चोळायला हवे, साबण-पाण्याने हात धुवायचे तर सगळे मिळून ४० ते ६० सेकंद लागतात. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, थुंकी-रक्तासारख्या स्रावांशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्या आहेत. यातली पाचवी वेळ सर्वांत जास्त विसरली जाते. ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करणारा फ्लोमीटर फिरवला, खाटेचा दांडा धरला, केस पेपर उचलला, तर "रुग्णाला कुठे हात लावला?" असे वाटते. हातमोज्यांनी तर हा घोटाळा आणखी वाढवला आहे. मोजे घातले की आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि मग तीच मोज्यांची जोडी पाच खाटा फिरून येते. मोजे घालणाऱ्याला वाचवतात. न बदललेले मोजे पुढच्या रुग्णाला वाचवत नाहीत.

स्टेथोस्कोपचेही तेच. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी करून एका तरुणीच्या छातीला लावली आणि या यंत्राचा जन्म झाला. क्षयरोग्यांच्या छातीचे आवाज ऐकून त्यांनी जे लिहून ठेवले, त्यातले कितीतरी शब्द डॉक्टर आजही वापरतात. आणि १८२६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते स्वतः क्षयानेच गेले. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. रुग्णाच्या जवळ गेल्याशिवाय आजार कळत नाही आणि जवळ जाण्याला किंमत असते, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेले नाही. आमच्या वॉर्डात स्टेथोस्कोपचा पडदा प्रत्येक रुग्णानंतर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचा, असा नियम आहे. नवे हाऊसमन (शिकाऊ डॉक्टर) पहिला आठवडा विसरतात, मग मावशी स्वतः बोळ्यांचा डबा त्यांच्यापुढे धरतात आणि ते निमूटपणे पुसतात.

ऑक्सिमीटरबद्दल थोडे लिहायला हवे, कारण कोविडनंतर तो घरोघरी पोहोचला आहे आणि त्याच्यावर लोकांची नको तितकी श्रद्धा बसली आहे. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यामागचे तत्त्व शोधले, आणि त्यामुळे अगणित जीव वाचले, हे निर्विवाद आहे. पण बोट गार पडले असेल, रक्तदाब खाली गेला असेल, नखाला गडद रंग लावला असेल, तर तो चुकतो. चुलीच्या किंवा शेगडीच्या धुरात कोंडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड शिरला असेल, तर तो खोटाच चांगला आकडा दाखवतो. २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ऑक्सिजन कमी असण्याचे प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या कातडीच्या आपल्या माणसांवर हे यंत्र लावताना ही गोष्ट मनात ठेवावी, एवढेच मी म्हणेन. आकडा आणि समोरचा माणूस यांचे जुळत नसेल, तर मी माणसावर विश्वास ठेवते.

आणि आकडा वाढवण्याच्या नादात ऑक्सिजन भरमसाट सोडणे हेही काही सुरक्षित नसते. विडीने किंवा वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने फुफ्फुसे निकामी झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असते, त्यांचे ऑक्सिजनचे प्रमाण ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचे असते. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा रुग्णांना मोजूनमापून ऑक्सिजन दिल्यावर मृत्यूंचे प्रमाण सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले होते. म्हणून रात्री नातेवाईकांनी "आकडा शंभर करा की" म्हणत फ्लोमीटरचा गोळा वर चढवला, तर आम्ही रागावतो. रुग्णाला झापड येऊ लागली, हाक मारल्यावर तो उशिरा ओ देऊ लागला, पसरलेले हात पंख फडफडावेत तसे हलू लागले, तर ती शांत झोप नव्हे, साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी असते.

फ्लोमीटरला जोडलेली, ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली ही माझ्या दृष्टीने वॉर्डातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. पूर्वी एका ठिकाणी मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी भिंतीवरची बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरली. पाणी स्वच्छ दिसत होते. पण आतल्या नळीच्या टोकाशी बोट फिरवले तर बुळबुळीत, किंचित हिरवट थर हाताला लागला. चौकशी केली तेव्हा कळले की पाणी कमी झाले की नळाखाली धरून वरून भर घालतात, आणि बाटली शेवटची कधी रिकामी करून धुतली ते कोणालाच आठवत नव्हते. याच बुडबुड्यांमधून जाणारा ऑक्सिजन त्या वेळी न्यूमोनियाच्या एका बाईंच्या नाकात जात होता. नळाच्या पाण्यात स्युडोमोनास, लिजिओनेलासारखे जंतू राहू शकतात, आणि निरोगी माणूस तेच पाणी पिऊन ठणठणीत राहिला, तरी आजारी फुफ्फुसाला ते जंतू पुरेसे असतात. तेव्हापासून माझ्या वॉर्डात बाटलीत निर्जंतुक पाणीच घालतात, वरून भर कधीच घालत नाहीत, उरलेले पाणी रोज ओतून बाटली धुऊन वाळवतात आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहितात. कमी प्रवाहाचा ऑक्सिजन असेल, तर पुष्कळांना बाटलीतल्या पाण्याची गरजही नसते. औषधाचे बारीक तुषार करून देणाऱ्या नेब्युलायझरची वाटी तशीच: प्रत्येकाची स्वतंत्र, वापरल्यावर निर्जंतुक पाण्याने खळबळून, वाळवून, झाकून ठेवलेली. ओली वाटी उशाखाली सरकवण्याची सवय घरीही असते आणि वॉर्डातही, आणि ती मोडायला वेळ लागतो.

घशात नळी असलेल्या रुग्णाच्या सक्शनमध्ये, म्हणजे आत बारीक नळी घालून कफ ओढून काढण्यात, तर तपासणी आणि संसर्ग नियंत्रण यांची अक्षरशः गाठ पडते. दर दोन तासांनी घड्याळ पाहून सक्शन करण्याची जुनी पद्धत चुकीची आहे, कारण प्रत्येक वेळी नळी आत गेली की श्वासनलिकेच्या अस्तराला इजा होते, ऑक्सिजन खाली येतो आणि बाहेरचे जंतू आत जाण्याची संधी मिळते. आधी ऐकावे: श्वासनलिकेवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर खडखड येते का, व्हेंटिलेटरच्या पडद्यावरची रेषा करवतीच्या दातांसारखी झाली आहे का, दाब वाढला आहे का. गरज असेल तरच निर्जंतुक नळी घ्यावी आणि एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक आत ठेवू नये. मी मुलींना नळी घालताना स्वतःचा श्वास रोखून धरायला सांगते. आपल्याला गुदमरल्यासारखे होईपर्यंत रुग्णाला थांबायला लावू नये. जी नळी एकदा वापरली ती टाकायची. जंतुनाशकाच्या बाटलीत बुडवून दिवसभर तीच वापरणे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचा परिणामही पाहिला आहे. व्हेंटिलेटरवर ४८ तास झाल्यानंतर होणारा न्यूमोनिया टाळण्यासाठी खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवणे आणि रोज दात घासणे या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. पूर्वी आम्ही क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड पुसत असू. आता अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात त्याऐवजी ब्रशने दात घासण्यावर भर आहे.

क्षयरोगाबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबता येणार नाही. क्षयाचे जंतू खोकल्यातून उडालेल्या इतक्या सूक्ष्म कणांवरून हवेत तरंगतात की हात कितीही धुतले तरी त्यांच्यापासून बचाव होत नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयरोग वॉर्डातली हवा नळ्यांमधून वरच्या खोलीतल्या गिनीपिगांपर्यंत नेली, आणि रुग्णाच्या वाऱ्यालाही न गेलेल्या त्या प्राण्यांना क्षय झाला. या रोगावरचा पहिला उपाय म्हणजे कोणाला तो असू शकतो हे लवकर ओळखणे, कारण निदान होऊन योग्य औषध सुरू होण्याआधीच रुग्ण सर्वाधिक संसर्ग पसरवतो. म्हणून आमच्या ओपीडीच्या रांगेत केस पेपर काढण्यापूर्वीच विचारले जाते: खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे का, संध्याकाळी ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. उत्तर हो असेल, तर त्या माणसाला मास्क देऊन रांगेच्या पुढे घेतात. काहींना हे अन्यायाचे वाटते. पण तो तासभर बाकावर बसून राहिला, तर शेजारी मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजी त्याचीच हवा घेत असतात. बेडका मोकळ्या जागेत द्यायला सांगतात, बंद संडासात नाही. आपण स्वतः साधा मास्क न लावता एन-९५ लावावा, तो चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटला आहे का हे श्वास सोडून पाहावे; दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

आणि खिडक्या. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दारे-खिडक्या सताड उघडल्यावर खोलीतली हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती, तर यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा; आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या होत्या. आमची इमारतही जुनी आहे, छत उंच आहे, खिडक्या माणसाच्या उंचीच्या आहेत. पण आपल्याकडे आजारी माणसाला वारा लागू नये ही समजूत फार खोल रुजलेली आहे. "वारं बाधंल त्यास्नी" म्हणून रात्री नऊ वाजता सगळ्या खिडक्या लागतात, फटींत टॉवेल कोंबले जातात. मी वाद घालत नाही. आजोबांना कानटोपी घालते, अंगावर दुसरी चादर पांघरते, खाट खिडकीच्या थेट झोतातून थोडी बाजूला सरकवायला मामांना सांगते, आणि मग त्यांच्या घरच्यांच्या देखतच खिडकी उघडते. उबेची काळजी आपण घेतली हे त्यांनी पाहिले, की खिडकी पुन्हा लावायला सहसा कोणी उठत नाही.

गेल्या आठवड्यात नवी तुकडी आली. त्यातली एक मुलगी पहिल्या रात्रपाळीनंतर ओव्हर देताना चाचरत म्हणाली, "सिस्टर, बारा नंबरच्या काकांचे श्वास मी दोनदा मोजले, ऑक्सिमीटरवर ९५ होतं म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय." मी तक्ता घेतला. रकान्यात १७, २२, १९, १६, २१ असे आकडे होते आणि बाराव्या ओळीत २९ लिहून तिने खाली रेघ मारली होती. मी हँडरब चोळत बारा नंबरकडे निघाले आणि तिला म्हटले, "चल, घड्याळ घे, तिसऱ्यांदा आपण दोघी मोजू."